खुर्चीची सीट पुन्हा पुन्हा बसते? आधी ती उलटी करून बघा

लक्षण ओळखीचं असेल. जेवणाच्या टेबलाच्या जुन्या खुर्च्यांना नवा फोम घातला, नवं कापड चढवलं. पहिले तीन महिने झकास. मग मधोमध खळगा दिसायला लागतो, पुढच्या काठाशी कापड सैल पडून चुण्या येतात, आणि वर्ष भरायच्या आत दुसरी पोळी घेईपर्यंत खालची फळी बुडाला लागते. आपण म्हणतो फोम खराब निघाला, आणि पुन्हा फोम बदलतो.

आमच्याकडे हे तीनदा झालं. खुर्च्या सहा, सागवानी. १९८६ साली सासऱ्यांनी घरी सुतार बसवून करून घेतलेल्या. लाकूड अजून ठणठणीत आहे. पहिल्यांदा सोसायटीत ओरडत येणाऱ्या एका सोफा-रिपेअरवाल्याला दिल्या. त्यानं खाली अंगणात बसून संध्याकाळपर्यंत पाच खुर्च्या चकाचक करून दिल्या. सहावी बेडरूममध्ये होती आणि तिच्यावर कपड्यांचा ढीग होता, म्हणून राहिली. (प्रत्येक घरात अशी एक असतेच.) वर्षाच्या आत पाचही बसल्या. दुसऱ्यांदा मी स्वतः टॅकर (पिना मारायचं हत्यार) आणून फोम बदलला. तिसऱ्यांदा जास्त महागाचा आणला. त्याचाही खळगा झाला तेव्हा मी फोमवाल्याच्या नावानं बोटं मोडत होते. सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "अगं, गादी बसली की आम्ही आधी खाटेची नवार ताणून घ्यायचो, मग पिंजाऱ्याला बोलवायचो. खाटच झोळीसारखी असेल तर गादी काय करणार?"

मग मी सीट उलटी केली. तीन वेळा वरून बघत होते, खालून एकदाही नाही.

सीट बाहेर काढताना

बहुतेक जुन्या डायनिंग खुर्च्यांची सीट चौकटीत नुसती बसवलेली असते. खालून बघितलं तर कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे दिसतील, त्यातून वर गेलेले स्क्रू काढले की सीट ढकलून वर येते. स्क्रू गंजले असतील तर मशीनच्या तेलाचा थेंब सोडून रात्रभर राहू द्या. जोर लावून डोकं घासलंत तर मग ड्रिलनं काढत बसावं लागतं.

सीट निघाली की कापडाला हात लावण्याआधी एक काम करा: प्रत्येक सीटच्या बुडावर आणि तिच्या खुर्चीच्या आतल्या बाजूला एकच आकडा लिहा. हातानं केलेल्या खुर्च्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. आमच्या सुतारानं पेन्सिलीनं १ ते ६ आकडे घातलेले होते, ते मला तिसऱ्या वेळी दिसले. तोवर दोन नंबरची सीट पाचच्या चौकटीत मी हातोडीनं ठोकून बसवली होती, आणि त्या चौकटीचा मागचा सांधा त्यामुळेच उकलला. आधी मी त्याचंही खापर जुन्या लाकडावर फोडलं होतं.

फळी तपासा

जुना फोम काढला की उघड्या फळीवर एक सरळ धातूची फुटपट्टी आडवी ठेवा, मग उभी. खाली फट दिसते का? माझ्या पाच सीटांपैकी चारांमध्ये मधोमध जवळजवळ सव्वा सेंटीमीटर फट होती. फळी नव्हती, परात होती. दोन इंच जाडीचा कितीही चांगला फोम त्या परातीवर ठेवला तरी तो परातीचाच आकार घेणार. माणूस उठला की फोम आपल्यापुरता वर येतो, पण फळी वर येत नाही.

कपड्यांच्या ढिगाखाली राहिलेली सहावी खुर्ची इथे साक्षीदार निघाली. तिची सीट उघडली तर वर तपकिरी रेक्झिन, त्याखाली मांजरपाट, त्याखाली कापूस, मग काथ्या, आणि सगळ्यात खाली १२ मिमीची जाड फळी. फुटपट्टीखाली कागद सरकेल एवढीही फट नाही. बाकीच्या पाचांत ६ मिमीचा हलका प्लाय. पहिल्या दुरुस्तीत जुनी फळी काढून पातळ फळी बसवली गेली होती आणि वर नवं कापड असल्यामुळे कोणाला कळलंच नाही. मला तर दुसऱ्या वेळी फळी हातात धरूनही कळलं नाही, कारण फळी अशीच असते असं मी धरून चालले होते.

६ आणि १२ यांत फरक दुपटीचा वाटतो, पण तसा नाही. फळीची जाडी दुप्पट केली की तिचा वाकण्याला विरोध आठपट होतो. म्हणून ६ मिमीखाली मधे एक पट्टी ठोकण्याचा किंवा वाकलेली फळी उलटी बसवण्याचा उपाय करू नका. उलटी केलेली फळी काही महिन्यांत दुसऱ्या बाजूला वाकते, हे मी एका सीटवर करून बघितलं आहे.

नवी फळी १२ मिमीचीच घ्या आणि तिच्यावरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ या प्लायच्या भारतीय मानकात एमआर हा साधा प्रकार असतो आणि बीडब्ल्यूआर हा पाण्याला जास्त टिकणारा. आयएस ७१० म्हणजे मरीन, तो घरातल्या खुर्चीला लागत नाही. दमट हवेच्या गावात, आमच्या डोंबिवलीसारख्या, मी बीडब्ल्यूआर सांगेन. फर्निचरवाल्याकडे कातरणीचे तुकडे पडलेले असतात, ते मागा. सहा सीटांसाठी अख्खी शीट घेण्याची गरज नाही.

कापताना जुन्या फळीवरून माप घेऊ नका. चौकटीचं आतलं माप घ्या आणि चारही बाजूंनी २ ते ३ मिमी कमी करा, कारण कापड दुमडून खाली जातं आणि कोपऱ्यांत त्याचे दोन-तीन थर होतात. जाड कापड असेल तर त्याचेच दोन पदर फळी आणि चौकट यांच्यामध्ये सरकवून बघा. अडलं तर फळी घासायची, हातोडी घ्यायची नाही. पुढच्या काठाची वरची धार खरकागदानं गोल करा. ती धार तशीच राहिली तर मांडीला रुततेच, शिवाय कापड आतून कापत जातं.

आणि फळीला भोकं पाडा. १० ते १२ मिमीची पाच-सहा, मधल्या भागात. फोममध्ये हवा असते, बसलं की तिला कुठून तरी बाहेर जावं लागतं. रेक्झिनमधून जाता येत नाही, अखंड फळीतून जाता येत नाही, मग ती शिवणीवर आणि पिनांवर जोर काढते. बसल्यावर खुर्चीतून "फुस्स" आवाज येतो आणि पाहुणे ओशाळतात, तो प्रकार हाच. बुडाला जे काळं अस्तर लावतात तेही हवा जाणारं हवं, तिथे उरलेलं रेक्झिन लावू नये.

फळीऐवजी पट्टे असलेल्या खुर्च्यांची गोष्ट वेगळी नाही. तिथे फळीच्या जागी इलॅस्टिकचे बेल्ट किंवा तागाच्या पट्ट्या असतात. बोटानं दाबा. पट्टा पिठल्यासारखा खाली गेला आणि सावकाश वर आला तर त्यातलं रबर मेलंय. नवा बेल्ट लावताना तो ताणूनच ठोकायचा. बेल्ट इलॅस्टिकचा आणि चौकटीतलं अंतर ४० सेंमी असेल तर बेल्टवर ३६ सेंमीवर खूण करा आणि ती खूण दुसऱ्या काठापर्यंत ओढून आणा. हातानं ओढून होत नाही. एका लाकडी ठोकळ्याला बेल्टचा वेढा द्या, ठोकळ्याची खालची कड चौकटीला बाहेरून टेकवा आणि ठोकळा तरफेसारखा खाली दाबा. टोक दुमडून पाच पिना, एका रेषेत न मारता नागमोडी, नाही तर लाकूड त्या रेषेवर चिरतं. उभे बेल्ट झाले की आडवे त्यांच्यातून खालीवर विणून घ्या, नवारीसारखे.

फोम वजनकाट्यावर ठेवा

फळी सपाट निघाली, तरी सीट बसते. मग फोमची पाळी.

दुकानदार "४० डेन्सिटी" म्हणतो आणि आपण अंगठ्यानं दाबून मान डोलावतो. अंगठ्याला कळतो तो कडकपणा, डेन्सिटी नव्हे. कडक पण हलका फोम करता येतो, आणि तोच सगळ्यात लवकर बसतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किलोमध्ये, बस. ती घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर मोजता येते.

लांबी, रुंदी, जाडी सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजारानं भागा. आले ते लिटर. तुकड्याचं वजन ग्रॅममध्ये घ्या आणि लिटरनं भागा. येणारा आकडा ही डेन्सिटी. १८ बाय १८ इंचाचा, २ इंच जाड तुकडा साधारण १०.६ लिटरचा होतो. तो खरोखर ४० चा असेल तर काट्यावर ४२५ ग्रॅमच्या आसपास भरेल, ३२ चा असेल तर ३४० च्या. मी दुसऱ्या वेळी "४०" म्हणून आणलेल्या तुकड्याचं उरलेलं कातरण माळ्यावर होतं. ते मोजलं तर हिशोब १९ वर आला. (तिसऱ्या वेळचा महाग फोम मात्र ३९ भरला. त्याला मी उगाच शिव्या दिल्या.)

काट्यालाही एक पळवाट आहे. काही स्वस्त फोममध्ये चुनखडीची पूड मिसळून वजन वाढवलेलं असतं. कापलेली कड काळ्या कापडावर जोरात घासा. पांढरी भुकटी पडली तर तो फोम परत ठेवा.

रोज बसायच्या खुर्चीला ४० च्या खाली जाऊ नये असं माझं मत. त्याहून बरं म्हणजे खाली एक इंच रिबॉन्डेड, म्हणजे तो रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला, आणि वर दीड इंच ४० चा. रिबॉन्डेड कडक असतो, भार पसरवतो, आणि वरचा मऊ थर तळाला टेकत नाही. पण उत्साहात चार इंच भरू नका. सीट आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांच्यात ११-१२ इंच अंतर लागतं. आमच्या शेजाऱ्यांच्या खुर्च्या आता इतक्या गुबगुबीत आहेत की मांड्या टेबलाखाली जातच नाहीत, ते तिरके बसून जेवतात.

जुना फोम काढताना तोंडाला फडकं बांधा. पिवळा पडून त्याचा बेसनासारखा भुगा झालेला असतो आणि तो घरभर उडतो. खुर्ची जुन्या बाजारातून आणलेली असेल तर शिवणी आणि पिनांच्या रांगा विजेरी धरून बघा, ढेकूण तिथेच बसतात. काढलेला सगळा माल लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधायचा.

नवा फोम फळीपेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर मोठा कापा, म्हणजे कापड ओढल्यावर काठ गोल दिसतो. कटरची पाती पूर्ण बाहेर काढून, न दाबता, लांब हात मारत कापायचं. चिकटवायला फोम-रेक्झिनचं पिवळं रबर सोल्युशन. पांढरा फेविकॉल इथे कामाचा नाही, तो फोममध्ये शोषला जातो आणि कडक होतो. दोन्ही बाजूंना पातळ लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मगच जोडा. जाड थर दिलात तर आत पापड होतो आणि बसताना कुरकुरतो. खिडक्या उघड्या ठेवा, आणि हे काम देवघरातलं निरांजन विझल्यावर करा. सोल्युशनची वाफ पेट घेते.

कापड सैल पडतं ते का

इथे मला खरी अक्कल त्या सहाव्या खुर्चीनं दिली. तिच्यात रेक्झिनच्या आत मांजरपाट होतं, आणि ताण सगळा त्याच्यावर होता. जुने कारागीर फोम किंवा काथ्या आधी मांजरपाटानं आवळून बसवत. वरचं कापड मग नुसतं दिसण्यापुरतं, हलक्या हातानं ताणलेलं. आता आपण हा थर वाचवतो आणि आकार देणं, भार पेलणं, शोभा, सगळं एकाच कापडावर टाकतो. ते सैल पडणारच. मांजरपाट स्वस्त असतं, पण आधी धुऊन घ्या. नवं मांजरपाट पहिल्या पाण्यात आटतं आणि त्यातली खळ जाते.

पिना मारायची पद्धत अशी. सीट पालथी घालून गुडघ्यानं दाबा, म्हणजे फोम आधीच थोडा दबलेला असेल. न दबलेल्या फोमवर ताणलेलं कापड दोन महिन्यांत सैल होतं, हे चुण्यांचं नेहमीचं कारण. पुढच्या बाजूच्या मध्यावर एक पिन, ओढून मागच्या बाजूच्या मध्यावर एक, मग डावी, उजवी. तिथून कोपऱ्यांकडे सरकत जायचं, कधी या बाजूला दोन, कधी समोरच्या बाजूला दोन. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर कापड तिरकं होतं आणि चौकडीच्या रेषा त्याची चुगली करतात. कोपऱ्याआधी ५ सेंमी थांबा. मध्ये सीट उलटवून बघा. एखाद्या पिनेपासून उन्हाच्या किरणांसारख्या रेषा निघत असतील तर ती एक पिन जास्त ओढलेली आहे. ती काढा, सगळी बाजू उसवू नका. कोपऱ्यात टोक आधी तिरपं आत ओढून एक पिन, मग दोन्हीकडच्या घड्या त्याच्यावर. आतलं जास्तीचं कापड कापून टाका, नाहीतर सीट चौकटीत बसणार नाही.

टॅकरची पिन ८ मिमीची पुरते. प्लायमध्ये ती सहज जाते, पण जुन्या सागवानी चौकटीत हाताचा टॅकर अर्धीच घुसवतो. वर राहिलेली पिन हातोडीनं बसवा, नाही तर जुन्या पद्धतीनं निळ्या चुका, म्हणजे बारीक खिळे, वापरा. चांभाराच्या सामानाच्या दुकानात मिळतात. (चुका मारताना चुका झाल्या तर त्या पकडीनं उपटता येतात, एवढा फायदा.) दुसऱ्यांदा काम करत असाल तर जुन्या भोकांच्या रांगेतच पिना मारू नका. एक सेंमी आत सरका. फळीची कड थर सुटून पुस्तकासारखी उकललेली असेल तर तिथे काहीच टिकणार नाही.

कापड कोणतं

लेदरसारखं दिसणारं पीयूचं (पॉलीयुरेथेनचा थर दिलेलं) कापड मी घेणार नाही. त्याच्या वरच्या थराला हवेतली आर्द्रता आतून खाते, आणि चार-पाच पावसाळ्यांत सालपटं निघून पँटला चिकटायला लागतात. त्यावर उपाय नाही, कुठलंही क्रीम चालत नाही. पीव्हीसीचं साधं रेक्झिन त्यापेक्षा टिकतं, फक्त वर्षांनी कडक होऊन चिरतं. डोक्याला तेल लावून पाठ टेकणाऱ्यांच्या घरात ते पाठीकडे आधी चिरतं.

सध्या खणाच्या सीटा फार दिसतात. उशीला खण सुंदर. सीटला नको. पन्हा लहान, वीण नाजूक, आणि पिनेजवळ धागे सुटतात. सोलापुरी चादर मात्र मी दोन सीटांना वापरली आहे, खाली मांजरपाट असल्यामुळे ती मजेत चालली. कापलेल्या कडांना आधी मशीनवर तिरपी टीप मारून घ्यायची, नाही तर धागे हातात येतात. नेहमीच्या सोफ्याच्या कापडाचा पन्हा ५४ इंच असतो. १८ इंची सीटला दुमडण्यासह २४ इंच लागतात, म्हणजे पन्ह्यात दोन बसतात आणि सहा सीटांना २ मीटर पुरतात. दुकानदार साडेतीन सांगेल.

सगळं करूनही करकर आवाज येतो

फळी चौकटीच्या ज्या कडेवर टेकते तिथे लाकूड लाकडाला घासत असतं. एखादी उरलेली मेणबत्ती त्या कडेवर चारही बाजूंनी फिरवा. तरीही आवाज आला तर तो सांध्याचा आहे, सीटचा नाही. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून पाठीला धरून कोपऱ्या-कोपऱ्यानं हलवा, कुठला सांधा हलतो ते दिसेल. तो जुना सरस खरवडून नव्यानं चिकटवून, दोरीचा पीळ देऊन २४ तास आवळून ठेवायचा. सैल सांध्यात खिळा ठोकू नका. खिळ्यानं सागवान चिरतं आणि सांधा पुन्हा उघडता येत नाही.

आमच्या पाच सीटा होऊन सव्वा वर्ष झालं. प्रत्येकीच्या बुडावर बॉलपेननं तारीख, फळीची जाडी आणि फोमचं वजन लिहून ठेवलंय. दर दिवाळीच्या सफाईत फुटपट्टी लावते. सहावी अजून बेडरूममध्येच आहे, काथ्यासकट. तिला हात लावायचा असेल तर आधी कपडे आवरावे लागतील.